गप्प गेलेली तीन वळणं

आप्पाला उजव्या डोळ्याने काहीच दिसत नव्हतं, आणि डाव्याने दिसायचं ते पण स्वच्छ ऊन असेल तरच. साखरेने डोळ्याचा पडदा गेला, गाडी बंद करा, असं डॉक्टर म्हणाले होते. आप्पा बाहेर आला, ट्रॅक्स जीपची किल्ली खिशातून काढली आणि मला म्हणाला, "मंजे, तू बोलत राहायचं. मी चालवतो."

आईला सांगितलं नाय. तिने दुसऱ्या दिवशी गाडी विकायला लावली असती, आणि गाडी सोडून आप्पाला काहीच येत नव्हतं. मी नववीत शाळा सोडली ती त्यासाठी. मखमलाबादला आमच्या गल्लीत सगळे म्हणायचे, सावळीरामची पोरगी उंडगी, बापाशेजारी पुढं बसून गावं हिंडते. म्हणू देत. एक-दोघांना मी दगड पण मारला.

दोन वर्षं आम्ही असं चालवलं. पॅसेंजरला कळू द्यायचं नाय म्हणून मी नुसती बडबड करते असं दाखवायचं. "आप्पा, केवढा ट्रक आला बघ!" म्हणजे डावीकडं दाब. "आप्पा, ती शेरडं किती गोड!" म्हणजे ब्रेक. आणि आप्पा दोनदा खाकरला की समजायचं, त्याला काहीच दिसत नाय, लवकर सांग.

कुठं किती बोलायचं ते रस्ता ठरवायचा. मालेगावचा हायवे म्हणजे आराम. सरळसोट, उघडं ऊन. मी शेंगा खायची आणि ट्रक आला तरच तोंड उघडायची. येवल्याकडं पण तसंच, फक्त कांद्याच्या बैलगाड्या सांगायच्या. नगरच्या पुढं बाभळी लागतात. बाभळीची सावली पातळ, तिच्यातून आप्पाला दिसायचं. पण साताऱ्याकडं वडाची जुनी झाडं लागली की गाडी उन्हातून एकदम काळ्या सावलीत शिरायची, आणि आप्पा म्हणायचा, तेवढा वेळ डोळ्यावर कुणी पोतं टाकल्यासारखं होतं. घाटात तर दर वळण सांगायला लागायचं. कोकणात सगळ्यात वाईट. अरुंद लाल रस्ता, दोन्हीकडं दगडी कुंपणाचे गडगे, आणि वळणावरून अंगावर येणारी एसटी. कोकणातून वर येईस्तोवर माझा घसा बसायचा. लोकांना देश, घाट, कोकण बघायला आवडायचं. मी ते झाडांच्या सावलीने मोजायची.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीनंतरची ही ट्रिप. नाशिकच्याच वत्सलाबाई, त्यांचा मुलगा सुनील आणि सून आशा. वत्सलाबाई शाळेत हेडबाई होऊन रिटायर झालेल्या. त्यांना एका दमात सगळा महाराष्ट्र बघायचा होता. येवला, वेरूळ, नगर, सातारा, घाट उतरून कोकण, मग किनाऱ्याने वर येऊन जव्हार-मोखाड्यावरून परत. आठ दिवस मी बोलत होते. आठ दिवस त्यांना मी सहन होत नव्हते.

"अगं, तुला तोंड आहे का रेडिओ?" दुसऱ्या दिवशीच त्या म्हणाल्या. "झाड आलं की सांगते, बैल आला की सांगते. आम्हाला डोळे नाहीत का?"

"तुम्हाला हायेत ना," मी म्हणाले. आप्पाने माझ्या पायावर पाय दिला.

शेवटच्या दिवशी दुपारी मोखाड्याच्या पुढं एका झोपडीवजा हॉटेलात जेवायला थांबलो. तिथं एक म्हातारा बसला होता. डोक्यावर गोधडीचं बोचकं, बोचक्यावर जर्मनचं पातेलं बांधलेलं. हरसूलकडचा होता, बुधा नावाचा. द्राक्षाच्या बागेवर कामाला निघाला होता. बाकीची माणसं त्र्यंबकला टेम्पोची वाट बघत थांबलेली, हा ताप आला म्हणून मागं राहिला होता.

"बाय, तिरमकापावेतो घे ना मला," तो मला म्हणाला. गाडी माझीच असल्यासारखं. मला आवडलं ते.

मी सुनीलला विचारलं. मागं अर्धी सीट रिकामी होती.

"आपण पूर्ण गाडी केलीये," सुनील म्हणाला. आशावहिनी म्हणाल्या, "बसू दे की रे, म्हातारा आहे." पण वत्सलाबाईंनी त्या बोचक्याकडं बघितलं आणि नाकाला पदर लावला, म्हणजे झालं.

"जातो चालत," बुधा म्हणाला. "चढ संपला का मग उतारच हाय." आणि पातेलं वाजवत निघाला.

आम्ही जेवलो. मग पुढं दरी दिसते तिथं सुनीलला फोटो काढायचे होते. रोल संपला, दुसरा घातला. आईला उभं केलं, बायकोला उभं केलं, दोघींना मिळून उभं केलं. तास गेला असेल. म्हातारा तेवढ्यात किती लांब गेला असेल, हे माझ्या मनात आलं होतं. हे मी मुद्दाम सांगते. मनात आलं होतं.

मग घाट. उन्हं कलती झालेली, सागाच्या झाडीतून रस्त्यावर पट्टे पडलेले. ऊन, काळं, ऊन, काळं. आप्पाला याच्याइतकं वाईट दुसरं काही नसायचं. मी सुरू झाले. "आप्पा, ते बघ डावीकडं केवढं वारूळ! आप्पा, आता उजवीकडं दरी काय खोल हाय! आप्पा, एसटी आली, लाल!"

"बास!" वत्सलाबाई मागून ओरडल्या. "आठ दिवस डोकं उठवलंय हिने. शेवटचा तरी डोंगर शांतपणे बघू दे. शाळेत एवढं तोंड चालवलं असतं ना, तर नववीत घरी बसली नसतीस."

माझं डोकंच फिरलं. खरं कारण सांगता येत नव्हतं, म्हणून जास्तच.

"तुमच्यासारख्या बाया होत्या शिकवायला, म्हणून सोडली!"

"ड्रायव्हर! काही वळण आहे का हिला?"

आप्पा घाबरला. गिऱ्हाईक ओळखीपाळखीचं, नाशकातलं. "मंजे, गप!" तो ओरडला. "त्र्यंबक येईस्तोवर एक शब्द काढायचा नाय. निर्लज्ज कुठली!"

निर्लज्ज. मी. दोन वर्षं ज्याच्यासाठी घसा फाडला तो म्हणतो.

ठीक आहे म्हटलं. मी हाताची घडी घातली आणि तोंड बंद केलं.

चढ संपला, उतार लागला. पहिलं वळण आप्पाने अंदाजाने घेतलं. चाक कडेच्या खडीवर गेलं, करकर वाजलं. मी गप्प. आप्पा दोनदा खाकरला. मी खिडकीबाहेर बघितलं.

दुसरं वळण. परत खाकरला. त्याच्या कपाळावर घाम आला होता, स्टिअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरलं होतं. थांबता पण येत नव्हतं, का थांबलो ते काय सांगणार? मला बरं वाटलं. खरं सांगते, बरं वाटलं. मंजे म्हण, सांग गं म्हण, मग सांगते.

तिसऱ्या वळणाच्या पुढं जांभळाचं मोठं झाड होतं, आणि खाली काळीकुट्ट सावली. तिथं काहीतरी चमकलं. पातेलं. बुधा दमून रस्त्याच्या कडेला वाकला होता, चपलेचा अंगठा बसवत होता बहुतेक. मला पातेलं दिसलं, त्याच्या बनियनचं पाठीवरचं भोक पण दिसलं. माझे डोळे तसेच आहेत. आणि मी एक श्वास थांबले. आप्पा खाकरतोय का, ते ऐकायला.

आप्पा खाकरला नाय.

"आप्पा, माणूस!" मी ओरडले तेव्हा पातेलं बॉनेटवरून उडून काचेवर आलं होतं.

सुनीलने आणि आप्पाने म्हाताऱ्याला उचलून मागच्या सीटवर घातलं. मगाशी नव्हती ती जागा आता झाली. डोकं वत्सलाबाईंच्या मांडीवर आलं. त्यांनी पदर त्याच्या कानापाशी दाबून धरला, पदर भिजत गेला. आप्पा स्टिअरिंगवर बसला, पण गाडी सुरू करेना. सुनीलला जीप चालवता येत नव्हती.

"आप्पा, चालव," मी म्हणाले. "मी सांगते."

आता बैल, झाडं, गोड शेरडं, काही उरलं नव्हतं. मी सरळ सांगत होते. "डावं वळण. अजून. सरळ. पुढं खड्डा, उजवीकडं घे. बाई चाललीये, हॉर्न दे. सावली आली, हळू. गेली सावली. सोड आता."

मागून आशावहिनींचा आवाज आला, एकदम बारीक. "म्हणजे... यांना दिसत नाही?"

मी म्हणाले, "उजवं वळण."

त्र्यंबकच्या दवाखान्यात पोचायच्या आधीच बुधा गेला होता. वऱ्हांड्यात वत्सलाबाई माझ्यापाशी आल्या. लुगडं छातीपर्यंत लाल. "मला आधी सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही बसला असता गाडीत?"

त्या बाकावर बसल्या. मग माझ्याशी परत बोलल्या नाहीत, पण पोलिसांपुढं त्यांनी जे होतं ते सांगितलं, ड्रायव्हरला दिसत नाही म्हणून. खोटं थोडीच होतं. पण मला कुणी गप्प केलं, हे मात्र त्यांनी सांगितलं नाय.

बुधाचा मुलगा फकिरा टेम्पोवरच्या माणसांबरोबर आला. रडला नाय. बोचकं सोडून बघितलं, परत बांधलं. मग आप्पासमोर येऊन उभा राहिला.

"गाडीत एवढी माणसं व्हती. कुणीच नाय बघितला त्याला?"

आप्पाने मान वर केली नाय. "कुणीच नाय," तो म्हणाला. "पोरीने बी नाय. माझीच चूक."

केस झाली. लायसन गेलं, गाडी गेली, आप्पा चार महिने आत राहून आला. आईने माझ्याशी बोलणं सोडलं. तिला वाटतं मी दोन वर्षं लपवलं, एवढंच. तेवढंच असतं तर बरं.

आप्पा सुटून आला त्या दिवशी मीच त्याला एसटीने घरी आणलं. खिडकीकडं तोंड करून बसला होता. नाशिक जवळ आलं तेव्हा पहिल्यांदा बोलला.

"मंजे, तुला दिसला होता का गं तो?"

"नाय," मी म्हणाले.

त्याने परत खिडकीकडं तोंड केलं. माझे डोळे कसे आहेत ते माझ्याइतकंच त्याला माहीत. हजार कोस तो त्या डोळ्यांवर गाडी चालवत आला होता.

आता डावा डोळा पण गेला. दिवसभर ओट्यावर बसतो. आत यायचं झालं तर भिंत चाचपत येतो, आणि मी घरात असले तर आधी थांबून कानोसा घेतो. काल मोरीच्या वाटेत बादली होती. मी म्हणाले, "आप्पा, पुढं बादली हाय, डावीकडून ये."

तो उभा राहिला. मी बोलायची थांबेपर्यंत उभा राहिला. मग सरळ चालत गेला, बादलीवरच.