एका बोटाचं काम

रविवारी सकाळी भागूबाईने टीमच्या ऑनलाइन बैठकीसाठी लॅपटॉप उघडला. भागूबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे; जिथे तिथे तिला धोकाच दिसतो म्हणून टीमने लाडाने ठेवलेलं. एरवी ती औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी असायची आणि उरलेल्या वेळात, फुकट, एका ॲपची चाचणी करायची. दंडावरच्या सेन्सरवरून हे ॲप रक्तातली साखर वाचतं आणि ती फार उतरली की फोनवर गजर वाजवतं. टीममध्ये पगारी कुणीच नाही. भागूबाई तिथे आली ती लेकीपायी, कारण तो सेन्सर लेकीच्या दंडावर होता.

आणि गजराचा भरवसा उरला नव्हता. फोन स्वतःहून अपडेट झाला की पुन्हा ॲप उघडेपर्यंत गजर मुका व्हायचा. ॲप न उघडताही पडद्यावर आकडा दिसायचा, आवाज मात्र नाही. हे तिनेच शोधलं, तिनेच नोंदवलं; कोड लिहिणं मात्र तिला येत नव्हतं. दुरुस्ती म्हणाल तर चार ओळींची.

तिथेच तर घोडं अडलं होतं. दर पंधरवड्याची कामं ठरवायची त्यांची एक रीत होती. मास्तर, म्हणजे शाळेत गणित शिकवणारे त्यांचे म्होरके, कामाचं नाव वाचायचे आणि सगळ्यांनी एकदम कॅमेऱ्यापुढे बोटं धरायची. काम जितकं मोठं तितकी बोटं. सारखी आली तर चर्चा नाही, पुढचं काम. वेगळी आली तर ज्याची जास्त, त्याने बोलायचं. शेवटी ज्याला जे हवं ते त्याने उचलायचं, कारण फुकट राबणाऱ्याला हुकूम सोडला तर तो दुसऱ्या दिवशी तोंड दाखवत नाही. रीत शहाणपणाची होती. पण गेल्या दोन्ही पंधरवड्यांत गजराच्या दुरुस्तीला सगळ्यांचं एकेकच बोट वर आलं होतं, हसतील म्हणून भागूबाईचंसुद्धा. चर्चा झालीच नाही. एवढंसं काम कुणीतरी जाता जाता करेल, असं म्हणत सगळे मोठ्या कामांना भिडले.

तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला होता. जेवता जेवता उठून ती लेकीचा फोन बघायची. आज लेक वैतागली होती. "आई, सारखी डोकावू नकोस ना. मी काय तान्ही आहे?" म्हणून तिने खोलीचं दार लावून घेतलं होतं.

"गजराची दुरुस्ती," मास्तरांनी वाचलं. पडद्यावरच्या प्रत्येक चौकटीत एकेक बोट वर आलं. भागूबाईने अख्खा पंजा उघडला.

टीममधले दातांचे डॉक्टर हसले. "चार ओळींना पाच बोटं? भागूबाई, कमाल करता."

तिने पंजा तसाच धरला. "लिहायला एकच. बाकीची चार मला वाटणाऱ्या भीतीची."

"भीती मोजत नाही हो आपण," मास्तर समजुतीने म्हणाले. "काम किती, तेवढंच बघायचं."

"मग बघाच. लेकीचा फोन आणते." तिने लेकीला हाक मारली. ओ आली नाही. तिने पुन्हा, मोठ्याने हाक मारली. पलीकडे काही हललंसुद्धा नाही. खुर्ची मागे सारून भागूबाई उठली, तेवढ्यात दार उघडलं. चौकट धरून लेक उभी होती, केस कपाळाला घामाने चिकटलेले. "आई, पाय कसेतरीच होतायत," ती जड जिभेने म्हणाली. तिच्या हातातल्या फोनवर तांबडा आकडा होता. फोन गप्प होता.

भागूबाईने तिला खाली बसवलं, साखरपाणी ढवळलं, पेला तिच्या तोंडाला लावला. दोन घोट पोटात गेलेले पाहिल्यावरच ती लॅपटॉपकडे वळली. तिने तो तांबडा आकडा कॅमेऱ्यापुढे धरला आणि तसाच धरून ठेवला.

"भागूबाई," जरा वेळाने मास्तर म्हणाले, "तुमचा माईक बंद झाला का? गजर ऐकू येत नाहीये."

"माईक चालू आहे," ती म्हणाली.

मागे लेकीच्या दातांवर पेला किणकिणला. ती किणकिण सगळ्यांना ऐकू गेली. मास्तरांचं एक बोट अजून वरच होतं. त्यांनी ते हळूच खाली घेतलं.