हेमांगीसाठी

जर्मनीहून आलेली योहाना वाकोल्यातल्या एका शाळेत फुकट शिकवते आणि हेमांगीच्या सासरी राहते. सासूबाई पाहुणीला भरभरून वाढायच्या. सून सगळ्यांच्या मागून जेवायची, म्हणजे उरलंसुरलं. त्या मेल्या रीतीला घरात कुणी नावं ठेवत नव्हतं.

एकदा जेवणं झाल्यावर योहाना पाणी घ्यायला स्वयंपाकघरात आली, तर हेमांगी भाकरीच्या तुकड्याने कालवणाचं रिकामं पातेलं पुसून खात होती.

दुसऱ्या रात्री सासूबाई बांगडा वाढायला आल्या, तेव्हा योहानाने ताटावर हात आडवा धरला. सगळ्यांदेखत म्हणाली, "तो हेमांगीसाठी."

सासूबाई गोड हसल्या. सकाळी पाहुणी शाळेत गेल्यावर मात्र त्यांनी सुनेला फैलावर घेतलं. "परक्या बाईपुढे घराची लाज काढतेस? आता जेव तिच्याच पंगतीला!"

तेव्हापासून रात्री हेमांगीचं ताट योहानाशेजारी वाढलं जातं, बांगड्यासकट. दुपारी योहाना शाळेत असताना मात्र सासूबाई हेमांगीच्या वाटणीचे तांदूळच काढून देत नाहीत. योहाना तिला जेवताना बघून खूश होते, आणि हेमांगी हसते. हसली नाही तर ती पोरगी पुन्हा काहीतरी चांगलं करायला जाईल.