दही लागलं नाही

एका टाकीतलं दही लागलं नाही म्हणून माझ्या भावजयीला क्रेट धुवायला बसवलं, आणि कारण काय, तर म्हणे बाईला रोग आहे. ही बातमी अख्ख्या डेअरीत पसरायला सकाळचा एक चहा पुरला. मी पॅकिंगची सुपरवायझर. माझ्या कानावर आलं तेव्हा माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

आम्ही तिला धाकटी म्हणतो. विरजण खोली तिच्याकडे. दूध तापवून निववायचं, विरजण घालायचं, उबेला ठेवायचं आणि मग गप्प बसायचं, हे तिचं काम. ते गप्प बसणंच भल्याभल्यांना जमत नाही, तिला जमतं. तिच्या हाताखाली कधी टाकी बिघडली नव्हती. परवा मात्र झाकण उघडलं तर दूध जसंच्या तसं, ढिम्म.

मी तडक मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"बायकांचं आहे हो, मी काय बोलणार?" ते म्हणाले. "तिला ते... इन्फेक्शन आहे म्हणे. आपला खाण्याचा धंदा. सोमवारपासून विरजणाला दुसरी बाई घेतोय."

"म्हणे? कोण म्हणे?"

साहेबांना नेमका तेव्हाच फोन आला. वाजला मात्र नव्हता.

धाकटी मागच्या अंगणात पाइप घेऊन क्रेट धूत होती. डोळे सुजलेले. आमच्या घरात त्या जागेला नावच नाही, 'खाली' म्हणतात. खाली दुखतंय, खाली खाजतंय. गुडघाही खालीच असतो, पण त्याला नाव आहे! तर धाकटीने तेव्हा पहिल्यांदा मला सांगितलं, कित्येक महिने तिला खाली खाज होती, पांढरं जात होतं, मग वास यायला लागला. माझा भाऊ तोंड फिरवून झोपायला लागला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरने मान वर न करता गोळ्या लिहिल्या. त्रास परत आला, त्याने आणखी कडक गोळ्या लिहिल्या. तपासलं एकदाही नाही. वर सल्ला दिला, स्वच्छता ठेवा.

स्वच्छता! आणि सांगतो कुणाला, तर कोपरापर्यंत हात घासल्याशिवाय जी खोलीत पाऊल टाकत नाही, तिला.

"मग मी ठेवली की, ताई," ती पुटपुटली. "कॅन धुवायचं जंतुनाशक घरी नेलं. कॅनला घालतो त्याच मापानं पाण्यात घालून रोज आतून धुते. झोंबतं, पण विरजणात माझ्यामुळे काही जायला नको ना."

मी कपाळावर हात मारला. डेअरीतली बाई सोडून हे दुसऱ्या कुणाला सुचलं असतं? राग तिचा नाही आला. पोरीला आपलं अंग म्हणजे घाणीची टाकी वाटावी, इतकं सगळ्यांनी मिळून तिच्या मनात भरवलं, त्याचा आला.

संध्याकाळी तिला ओढतच एका डॉक्टरबाईंकडे नेलं. बाईंनी आधी नीट विचारलं, मग तपासलं, आतला स्राव काचेवर घेतला. नाक मुरडलं नाही. योनी हा शब्द त्यांनी नाक, कान म्हणावं तितक्या सहज उच्चारला, तेव्हा धाकटी चमकून माझ्याकडे बघायला लागली.

"योनीत चांगले जंतू असतात," बाई म्हणाल्या. "ते आंबटपणा तयार करतात, म्हणून बाकीचे माजत नाहीत. तू न तपासता दिलेल्या गोळ्या खाल्ल्यास, वरून जंतुनाशक ओतलंस. राखणदार गेले आणि नको ते माजले."

"म्हणजे आत विरजणच असतं?" धाकटीने विचारलं.

बाई हसल्या. "दह्यातल्या जंतूंचे भाऊबंदच म्हण."

"मग त्या चांगल्या जंतूंच्या कॅप्सूल मिळतात, त्या घेऊ?"

"जाहिरात मोठी आहे, पुरावा अजून तोकडा. कुणाला उपयोग होतो, कुणाला नाही. आधी मारणं थांबव. काचेवर काय निघतं ते बघून नेमकं औषध देते. बाहेरून साधं पाणी पुरे, आतून काही नाही. आणि हे बघ, तुझ्या या त्रासाने टाकी बिघडत नाही. तू घाणेरडी नाहीस."

त्या शेवटच्या वाक्याला धाकटी हमसून रडली. इतके महिने हे एक वाक्य तिला कुणीही म्हटलं नव्हतं, मी धरून.

घरी येताना ती रस्त्यातच थांबली.

"ताई, गाईला औषधाची सुई दिलेली असली की तिच्या दुधाचं दही लागत नाही. त्यातलं औषध विरजण मारतं."

"मग?"

"परवाच्या टँकरचा नमुना फ्रिजमध्ये असेल. दही डेअरीबाहेर पडेपर्यंत नमुना टाकत नाहीत. ती टाकी तर पडूनच आहे."

सकाळी दूध घ्यायच्या खोलीत आम्ही दोघी उभ्या राहिलो. साहेब कुरकुरत आले. माझा भाऊ टँकर लावून किल्ली फिरवत आत आला आणि आम्हाला बघून त्याची किल्ली फिरायची थांबली. टँकर त्याचाच. प्रत्येक गोठ्यावर दूध ओतून घेण्याआधी पट्टी बुडवून औषध तपासायचं, हे त्याचं काम.

धाकटीने बाटलीत पट्टी बुडवली. दूध चांगलं असेल तर दोन रेघा उमटतात. आम्ही वाट बघितली. एकच उमटली.

"पट्टी लावली होतीस का रे?" मी भावाला विचारलं.

"उशीर होत होता... रोजचेच गोठे..."

"आणि टाकी गेल्यावर साहेबांना काय सांगितलंस?"

 साहेब खिडकीकडे बघायला लागले. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. टाकी गेली तेव्हा डॉक्टर सोडून तिचं दुखणं एकालाच ठाऊक होतं. स्वतःची मान सोडवायला याने बायकोचं अंग पुढे केलं होतं.

"ताई, घरी बोलू ना," तो म्हणाला.

"घरचं तूच इथं आणलंस. आता इथंच बोल."

 साहेबांनी घसा खाकरला. "झालं गेलं. पुढच्या वेळी पट्टी लाव रे बाबा," एवढंच त्याला. आणि धाकटीला, "तू जा आपली विरजणावर." माफीचा एक शब्द नाही! ती बिनचूक असूनही क्रेटवर गेली, हा चूक करूनही टँकरवरच राहिला. माझ्या तोंडाचा पट्टा सुटणारच होता, पण धाकटीने माझ्या दंडावर हात ठेवला.

तिने क्रेट धुवायचे गमबूट काढून नवऱ्यासमोर ठेवले.

"गाईला सुई दिली तर तिचं दूध बाजूला काढतात," ती म्हणाली. "गाईला कुणी घाण म्हणत नाही. तिच्या शेजारी उभं राहून नाक दाबत नाही. तुम्ही मला गाईइतकंही धरलं नाहीत."

मग तिने टोपी घातली, कोपरापर्यंत हात धुतले आणि विरजण खोलीचं दार आतून लावून घेतलं. त्या संध्याकाळी ती घरी गेली नाही, माझ्याकडे आली.