पाच ताऱ्यांचा किल्ला

स्वीडनमधल्या उप्साला शहरात राग्नवाल्डच्या परीक्षणांचा भारी दरारा होता. फासे टाकत गोष्ट रचायच्या खेळांसाठी इंटरनेटवर विकत मिळणारी, लिहून ठेवलेली साहसं तो वाचायचा आणि अगदी हात राखून तारे द्यायचा. एका रविवारी टूवा या मैत्रिणीच्या घरी त्याने मित्रांना ‘बर्फाखालचा किल्ला’ खेळायला बसवलं. या साहसाला त्याने चक्क पाच तारे दिले होते. खेळाचा सूत्रधार अर्थात तोच.

दालचिनीचे बन संपले, कॉफीचा दुसरा थर्मास आला, तरी मंडळी किल्ल्याच्या दाराशीच. दार मंतरलेलं, कुऱ्हाडीनेही फुटेना.

“किल्ली कुठंय रे बाबा?” टूवाने विचारलं.

राग्नवाल्डने पडद्यावर पानं खालीवर केली आणि त्याचा चेहरा पडला. “आत. राजाच्या उशीखाली.”

“आणि आत जायचं कसं?”

“दार उघडून.”

“धन्य आहेस! तारे वाटण्याआधी एकदा तरी खेळून बघितलं होतंस का?”

“खेळत बसलो तर परीक्षणं कधी लिहू?” तो उसळून म्हणाला. “आणि नकाशे बघ की, काय देखणे आहेत!”

घरी गेल्यावर त्याने परीक्षण पुन्हा उघडलं. ताऱ्यांना हात लावला नाही. फक्त शेवटी एक ओळ वाढवली: ‘एकट्याने वाचायला उत्तम.’