अठराव्या प्रकरणाखालची ओळ

मी एक जुना, कोपरा उडालेला फळा आहे आणि ओल्या फडक्याला फार घाबरतो. हसू नका, मित्रांनो. ज्याचं सगळं एका हातासरशी पुसलं जातं, त्यानं घाबरू नये तर काय करावं?

सुतारानं मला शाळेसाठी घडवलं. पुढे तिथे पांढरे, गुळगुळीत फळे आले आणि माझी रवानगी अडगळीत झाली. तिथून औषधांच्या दुकानात काम करणाऱ्या एका बाईनं मला घरी आणलं. ती कादंबरी लिहीत होती. डावीकडे रोज किती शब्द झाले ते मांडायची, उजवीकडे पुढच्या प्रकरणांत काय घडणार ते. चारशे, सहाशे, एकदा तर हजार. त्या दिवशी माझी छाती फुगली होती.

घरात मोकळी भिंत एकच, आजारी आईच्या पलंगासमोरची. आईला आता वाचता येत नाही, असं बाई धरून चालली होती. पण आईला जवळचं दिसत नव्हतं, लांबचं लख्ख दिसायचं.

एका सकाळी बाईनं लिहिलं, ‘प्रकरण अठरा : आई जाते.’ कादंबरीतलीच आई, तरी माझ्या अंगावर काटा आला. पलंगावरची आई ते वाचत होती आणि मला तोंड लपवायला जागा नव्हती.

सतरावं संपलं आणि डावीकडे शून्याखाली शून्य पडू लागलं. बाईचा हात पुढे जाईना. शेवटी ती ओलं फडकं घेऊन आली.

“नकोच ही कादंबरी,” ती पुटपुटली. माझा जीव टांगणीला लागला.

“पुसू नकोस गं,” आई म्हणाली.

“तू वाचलंस?”

“केव्हाच. तू लिहीत नाहीस म्हणून मी थांबणारेय का? लिही आणि मला वाचून दाखव. मी गेल्यावर नुसती रडत बसतेस की वेळेवर जेवतेस, ते कळू दे.”

बाई दिवसभर पलंगाशी बसून लिहीत होती. संध्याकाळी आकडा पडला, नऊशे. मग आईनं खडू मागितला आणि भिंत धरत माझ्यापर्यंत आली. वाकड्यातिकड्या अक्षरांत तिनं अठराखाली लिहिलं, ‘प्रकरण एकोणीस : मुलगी कामाला जाते.’

आई आता नाही. कादंबरी पूर्ण झाली. बाईनं मला पुन्हा कधी पुसलं नाही.

मित्रांनो, कुठलाही फळा पुसण्याआधी एकदा वाचत जा. आज घरमालकानं भिंती रंगवायला माणूस पाठवला आहे. त्यानं फडकं भिजवलं आहे. आणि बाई कामाला गेली आहे.