डब्याचं तोंड गोड केलं तेव्हा

मी डबा बोलतोय. जेवणाचा नव्हे, आगगाडीचाही नव्हे. जीपच्या मागे जोडून न्यायचं दोन चाकांचं घर म्हणजे मी. कागदावर माझं नाव कॅरॅव्हान आहे, पण इस्लामपुरात ते कुणाच्या जिभेला वळलं नाही. सध्या आकारामच्या वर्कशॉपमागे उभा आहे. डावी कूस फाटली आहे, खिडकीची चौकट आत शिरली आहे आणि शेजारून ट्रॅक्टर गेला तरी माझे पत्रे थरथरतात. जे झालं त्यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

माझा जन्म याच वर्कशॉपातला. आकाराम उसाच्या ट्रॉल्या बनवणारा माणूस. हिंदुरावांनी माझं चित्र पुढे ठेवलं तेव्हा त्याला हसू आवरेना. हिंदुराव फौजेत ड्रायव्हर होते. नोकरीभर ते पठाणकोट, जोधपूर असे फिरले आणि त्यांच्या पत्नी साळूबाई इथे सासू-सासऱ्यांचं करत राहिल्या. आता बायकोला तो सगळा मुलूख दाखवायचा, असं त्यांनी मनावर घेतलं होतं. पण साळूबाईंचे गुडघे गेलेले. पाय दुमडून फार वेळ बसवत नाही. मुक्कामाला हक्काचा पलंग हवा, म्हणून मला घडवलं. डाव्या खिडकीला लागून पलंग, समोर शेगडी, खाली पाण्याची टाकी.

हिंदुरावांची शिस्त काय सांगू! टाकी बरोबर चाकांवरच हवी. मागे जड सामान ठेवलं की डबा शेपूट हलवतो म्हणे. माझे मागचे दिवे जीपच्या दिव्यांबरोबर लागायला हवेत. नंबर मिळेपर्यंत तर मला रस्त्यावर काढलंच नाही. चुलतभाऊ हंबीरराव चिडवायचे, की एवढे लाड नव्या नवरीचेही होत नाहीत.

जोडायची रीतही ठरलेली. जीपच्या मागे लोखंडी गोळा. त्यावर माझं तोंड, म्हणजे पुढच्या दांड्याची पालथी वाटी, बसवायचं, खटका पाडायचा, जोर लावून ओढून बघायचं. मग दोन साखळ्या खालून फुली मारून अडकवायच्या. तोंड सुटलंच तर त्यांनी मला झेलायचं. मला त्या साखळ्यांचा भारी राग यायचा. मी काय मारका बैल होतो?

त्याहून राग यायचा तो एका नियमाचा. मी चालू लागलो की आत कुणी बसायचं नाही. घर म्हणवून घ्यायचं आणि रिकामं धावायचं! साळूबाईंनाही ते पटत नव्हतं.

“माझी वरात ट्रॉलीतनं आली,” त्या म्हणाल्या. “जत्रंला आमी ट्रॉलीतनंच जातुया. ह्यात तर पलंग हाय. पाय पसरून पडले तर कुणाचं काय जातंय?”

“मागच्याची हाक फुडं ऐकू येत न्हाई,” हिंदुराव म्हणाले. “चालत्या डब्यात कुणी न्हाई म्हंजे न्हाई.”

पहिला मुक्काम रहिमतपूरला, साळूबाईंच्या माहेरी ठरला. तिथून पुढे उत्तरेला. सकाळी मला जोडलं, ओढून बघितलं, साखळ्या अडकवल्या. मग साळूबाई पूजेचं ताट घेऊन आल्या. मला हळदकुंकू लावलं आणि म्हणाल्या, नव्या गाडीचं तोंड गोड करायला हवं. पलंगाला नाही म्हटल्यावर एवढं तरी करू द्यावं, असं हिंदुरावांना वाटलं असेल. त्यांनी खटका उघडला, पुढच्या टेकूची मूठ फिरवून माझं तोंड जरा वर उचललं. साळूबाईंनी आत पेढा आणि झेंडूची छोटी माळ ठेवली. मला खाली टेकवलं, खटका दाबला. आवाज आला. बायका ओवाळायला पुढे सरसावल्या आणि ते ओढून बघायचं राहून गेलं. मी तर सुखाने फुगलो होतो.

साळूबाईंनी माझ्या दाराला हात लावून नवऱ्याकडे एकदा पाहिलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. त्या फुरंगटून पुढे जीपमध्ये बसल्या, ते कऱ्हाडपर्यंत बोलल्या नाहीत. मागे मीही गाल फुगवून धावत होतो.

मसूर मागे पडल्यावर एक उतार लागला. समोर शेळ्या आडव्या आल्या आणि जीपने ब्रेक दाबला. मी तिला धडकलो आणि माझं तोंड गोळ्यावरून उचकटलं. तो क्षण मला सांगताही येत नाही. ज्याला धरून मी चालत होतो ते हातातून गेलं. नाक रस्त्यावर आपटणार तोच त्या साखळ्यांनी, ज्यांना मी शिव्या घालत होतो, मला खालून झेललं. जीप थांबेतो मी मात्र डावीकडे फेकला गेलो आणि वडाच्या बुंध्यावर आदळलो.

साळूबाई लंगडत आल्या. दार वाकलं होतं, ते त्यांनी दोन्ही हातांनी ओढलं. पलंगावर उशी होती. त्यांच्यासाठीच ठेवलेली. चौकटीचं लोखंड त्या उशीतून आरपार गेलं होतं. मला ओरडावंसं वाटत होतं. याच पलंगावर बसा म्हणून मी मनातून त्यांना केवढा आग्रह केला होता!

हिंदुराव रस्त्यातच बसले होते. माझ्या तोंडातून त्यांनी चेंगरलेला झेंडू आणि माळेचा दोरा ओढून काढला.

“दोरा आडकला, खटका पुरा बसलाच न्हाई,” ते म्हणाले. “खटका म्याच उघडलावता. पुन्यांदा वढून बघितलं न्हाई.”

साळूबाई त्यांच्या शेजारी खाली बसल्या, दुखऱ्या गुडघ्यांसकट.

“आवं, तुमी न्हाई म्हणलासा,” त्या म्हणाल्या, “म्हणून मी हाय.”

काल दोघं मला बघायला आले होते. जीपची पुढची सीट मागे सरकवून घेतली आहे. साळूबाईंचे पाय आता सरळ राहतात. आकारामने मला जोडून दाखवलं. साळूबाईंनी त्याला बाजूला केलं, स्वतः ओढून बघितलं, पुन्हा ओढलं, वाकवत नसताना वाकून साखळ्या चाचपल्या. मग माझ्या कपाळावर कुंकू लावलं. तोंडाला फूल लावलं नाही.

तुम्हीही कधी या. मी थांबलो की दार उघडा, चहा ठेवा, पाय पसरून पडा. तेवढ्यासाठीच तर मी जन्मलो. पण चाकं फिरू लागली की मला रिकामं जाऊ द्या. आता मी गाल फुगवणार नाही. ती उशी अजून माझ्या पोटात आहे; साळूबाई ती कुणाला टाकू देत नाहीत.