कपाटातला एप्रन

आमच्या घराण्यात कमावतं नाक एकच, माझ्या दादाचं. मी दातांच्या कवळ्या बनवतो, त्यामुळे माझ्या नाकात कायम प्लॅस्टरची भुकटी. दादा मात्र बाहेरून मद्य मागवणाऱ्या एका कंपनीत तीस वर्षं वास घेण्याचा पगार घेत आला. नमुन्यांच्या चिमुकल्या बाटल्या यायच्या, हा हुंगायचा, आणि याने मान हलवली की मगच माल यायचा. त्याचा खास प्रांत म्हणजे धुराची स्कॉच. ती करताना जव वाळवायला पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबून राहिलेली कुजकी माती. तिचा धूर एकदा जवात शिरला की बाटलीत येईपर्यंत निघत नाही. मी पहिल्यांदा ती प्यायलो तेव्हा म्हणालो होतो की कुणीतरी इस्पितळाला आग लावलीय. वहिनी हसता हसता शिलाई मशीनवर आडवी झाली होती.

वहिनी घरातल्या पुढच्या खोलीत शिवणकाम करायची. सात महिन्यांपूर्वी दोघांना एकाच आठवड्यात ताप आला. दादा इस्पितळातून घरी आला, वहिनी आली नाही.

तेव्हापासून मी दर रविवारी दुपारी त्याच्याकडे जातो. पूर्वी रविवारी आमचा एक खेळ चालायचा. दादा तीन बाटल्या काढून द्यायचा, मी स्वयंपाकघरात जाऊन तीन ग्लास भरायचे, वर बश्या झाकायच्या, आणि कुठल्या ग्लासात काय ते त्याने ओळखायचं. मी अधूनमधून एका ग्लासात बिनधुराची स्कॉच ओतून चकवा द्यायचो. तो बशी धड उचलायच्या आधीच म्हणायचा, "हा घेऊन जा आणि कवळ्या धू त्यात." वहिनी गेल्यावर हा खेळ बंद पडला होता. त्या रविवारी त्यानेच विषय काढला. उद्या ऑफिसात सहा नमुन्यांतून एक निवडायचाय, म्हणाला, जरा सराव करू.

मला बरं वाटलं. माणूस पुन्हा मार्गाला लागतोय असं वाटलं, म्हणून मी मुद्दाम तिसऱ्या ग्लासात चकवा घातला.

पहिला ग्लास त्याने तिरका धरून उजेडात पाहिला, नाकाशी नेला आणि म्हणाला, आयोडीन, ओला दोर, समुद्राचं शेवाळ. बरोबर होतं. दुसऱ्यात विझलेल्या शेगडीची राख आणि मागून मध. तेही बरोबर. मग तिसरा. तो त्याने बराच वेळ हुंगला. "डांबर," तो म्हणाला. "आणि धुराचा नुसता लोट."

मी खो खो हसलो. तोही हसेल म्हणून थांबलो. तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मग ग्लास अगदी हळू खाली ठेवला.

"चकवा होता का रे?"

मी मान हलवली.

मग त्याने सगळं सांगून टाकलं. त्या तापापासून त्याला कसलाही वास येत नव्हता. दूध करपून पातेलं काळं झालं तरी कळलं नाही. एकदा डोळे मिटून कांदा खाऊन पाहिला, तर सफरचंदासारखा गेला. जीभ फक्त गोड, कडू आणि खारट एवढंच सांगायची. ऑफिसातलं काम रंग बघून आणि जुन्या वह्यांतली टिपणं वाचून रेटलं होतं. मी डॉक्टरांचं विचारायला लागलो, नोकरीचं काय म्हणालो. त्याने हातानेच थांबवलं.

"उद्या साहेबांना सांगणार आहे. नोकरी गेली तर गेली. मला तुझं नाक पाहिजे, पाच मिनिटं."

त्याने नमुन्यांचं कपाट उघडलं. हे कपाट त्याने खास करून घेतलं होतं. दाराला रबराची पट्टी, आत उजेड नाही, ऊब नाही. त्यातून त्याने वहिनीचा कामाचा एप्रन काढला. ती इस्पितळात गेली त्या दिवशी तो खुंटीवर होता. दादाने तो धुतला नाही. वास टिकेल अशी घरात एकच जागा आहे, या हिशोबाने त्याची घडी करून इथे ठेवला. नाक परत आलं की पहिला वास हाच घ्यायचा, असं ठरवलं होतं.

"डॉक्टर म्हणतात, आता येणार नाही," तो म्हणाला. "तू सांग. ती आहे का अजून यात?"

दादाचा नियम मला पाठ होता. ग्लासात जे नाही ते बोलायचं नाही. एकदा मी शहाणपणा करून 'जर्दाळू' म्हणालो होतो, तर दोन रविवार मला ग्लास मिळाला नव्हता.

मी एप्रन तोंडाशी धरला. धूर. नुसता धूर. करपलेली माती आणि डांबर, दुसरं काही नाही. एका कडेला पिवळट डाग होता. मी कपाटात पाहिलं, तर वरच्या फळीवर एक बाटली आडवी पडली होती आणि तिचं बूच कुजून आत गेलं होतं. दुसऱ्या कुणी असा कपडा बाटल्यांखाली ठेवला असता तर दादाने त्याची अक्कल काढली असती. मला त्याचा भयंकर राग आला. मग त्याच्याकडे पाहिलं. डोळे मिटून, मान एका बाजूला कलती करून तो बसला होता, नमुना चाखताना बसतो तसा.

"मशीनचं तेल आहे," मी म्हणालो. "कोऱ्या कापडाची खळ. थोडा खडू. गळ्यापाशी तिचा तो ग्लिसरीनचा साबण, आणि जरासा घाम. दुपारभर काम करून उठल्यासारखा."

"आणि धूर?" तो म्हणाला.

मी एप्रन तोंडापासून खाली घेतला.

"महिन्यापूर्वी बाटली निम्मी झालेली दिसली. डागही दिसला. कुणाला विचारायचा धीर झाला नाही. वाटलं, धुराखाली ती थोडी तरी उरली असेल."

"नाही रे दादा," मी म्हणालो. "नाही उरली."

त्याने मान हलवली. एप्रन माझ्याकडून घेतला, मांडीवर पसरून पुन्हा त्याची घडी घातली, बंद नीट आत दुमडले. कपाटाकडे पाहिलं, पण उठला नाही. मी रडत होतो आणि मला त्याची लाज वाटत नव्हती. थोड्या वेळाने त्याने ती घडी परत माझ्या हातात दिली.

"असू दे," तो म्हणाला. "ते आधीचं परत सांग. सावकाश सांग."

मी डोळे पुसले आणि मशीनच्या तेलापासून पुन्हा सुरुवात केली.